मुका खेळ

बोहूश व्होंड्राला बेकरीत जाऊन चार रोहलिक पाव मागता येत नसत. पहिलं अक्षर ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच अडकून बसायचं. मान ताठ, डोळे मिटलेले, हनुवटी थरथरतेय आणि मागे माणसांची रांग. शेवटी तो पावाच्या टोपलीकडे बोट दाखवून चार बोटं वर करायचा. बेकरीवाली बाई मनाने चांगली होती, पण चांगली माणसंही अशा वेळी उगीच मोठ्याने बोलतात, समोरचा बहिरा असल्यासारखं. बोहूश मान खाली घालून पाव घेऊन यायचा. थोरला भाऊ राडोवान बरोबर असला तर प्रश्नच नसे. बोहूशने तोंड उघडायच्या आत तो सांगून मोकळा व्हायचा. शाळेत, दवाखान्यात, ट्राममध्ये, सगळीकडे धाकट्याचं बोलणं राडोवाननेच पुरं केलं. त्याला वाटायचं, आपण भावाचं ओझं उचलतोय.

त्याच बोहूशला रविवारी सकाळी तळघरात ऐकायचं. प्रागच्या जुन्या चौकामागे एक अरुंद गल्ली आहे, तिथे पंधरा-वीस पायऱ्या उतरून गेलं की व्होंड्रांचं बाहुल्यांचं थिएटर लागायचं. कमानीचं छत, ओलसर भिंती, लाकडी बाकं. काळ्या पडद्यामागे उंच फळीवर दोघे भाऊ उभे राहायचे आणि खाली लिंडनच्या लाकडाच्या हातभर बाहुल्या नाचवायचे. चाल दोघांची, पण आवाज एकट्या बोहूशचा. राजा बोलायचा तो घशातून, आजारी बैलासारखा. सैतान बोलायचा मऊ, लोणी लावल्यासारखा. शिपाई अर्धवट दारू प्यालेला. गिरणीवाल्याची म्हातारी बायको तर बोलायला लागली की थांबायचीच नाही.

"ए मागच्या बाकावरच्या! हो, तूच, निळ्या टोपीवाल्या! नाकात काय हरवलंय का तुझं? सापडलं तर मला पण दाखव!"

पोरं किंचाळायची. आज्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आणि या सगळ्यात एक अक्षर अडकायचं नाही.

हे कसं व्हायचं ते कुणालाच कळलं नाही. त्यांचे आजोबा घोडागाडीत बाहुल्या घालून दक्षिणेकडच्या गावोगावी खेळ करत फिरले. त्या काळची रीत अशी की सगळ्या बाहुल्यांचे आवाज एकाच माणसाने काढायचे. आजोबांचे आवाज वडिलांकडे आले. वडील प्रागला आले, तळघर मिळालं, संसार थाटला. एका रविवारी वडिलांचा घसा पार बसला. बाकं भरलेली, पडदा उघडलेला आणि म्हाताऱ्याच्या तोंडून नुसती हवा येतेय. सैतानाची बाहुली धरून चौदा वर्षांचा बोहूश शेजारी उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि सैतान बोलायला लागला. मग राजा बोलला. मग सगळे. खेळ संपल्यावर वडील फळीवरच खाली बसले आणि कितीतरी वेळ उठले नाहीत. त्या दिवसापासून आवाज धाकट्याचे झाले. खेळ कुठे लिहिलेले नव्हते. वडिलांनी ते तोंडाने सांगितले आणि बोहूशने ते डोक्यात ठेवले, स्वतःची भर घालत घालत.

वडील गेले तेव्हा राडोवान तिशीला आला होता. तळघराचं भाडं, दिवे, तिकिटं, गळकी नळी, सगळं त्याच्या अंगावर पडलं. बोहूश एकटाच होता, पडद्यामागच्या खोलीत राहायचा आणि बाहुल्यांचे कपडे शिवायचा. दारात तिकिटं द्यायला झ्देनाबाई असायच्या. रोज सकाळी त्या कोट काढायच्या आत पडद्याच्या फटीतून गिरणीवाली डोकवायची. "झ्देना, आज गुडघा कसा आहे गं? माझा तर वाळवीने खाल्ला!" झ्देनाबाई गालातल्या गालात हसायच्या आणि पडद्याला सांगायच्या, "तुझं तोंड तेवढं वाळवीने सोडलंय."

मग शहर बदललं. सीमा उघडल्या आणि जगभरची माणसं प्राग बघायला यायला लागली. पहिली काही वर्षं सगळ्यांनाच त्याची मजा वाटली. पुढे पुढे चौकात सकाळपासून झुंडी उभ्या राहायला लागल्या, जुन्या घड्याळाच्या खिडकीतले लाकडी संत फिरायची वाट बघत. गल्लीतलं वाण्याचं दुकान गेलं, तिथे काचेच्या वस्तू आल्या. वरच्या मजल्यांवरची कुटुंबं एकेक करून शहराच्या टोकाला, मोठमोठ्या चौकोनी इमारतींत राहायला गेली आणि त्यांच्या घरांची हॉटेलं झाली. जाताना ती आपली पोरंही घेऊन गेली. रविवारी बाकं रिकामी दिसायला लागली. उलट, गळ्यात कॅमेरे अडकवलेले पाहुणे पायऱ्या उतरून यायचे, दहा मिनिटं बसायचे, एक अक्षर कळायचं नाही, मग एकमेकांकडे बघत पाय न वाजवता निघून जायचे.

अशात एक दिवस केपका नावाचा गृहस्थ आला. तो पाहुण्यांना शहर दाखवायचा धंदा करायचा. दुपारी किल्ला, संध्याकाळी नदीत बोट, मग जेवण आणि काहीतरी कार्यक्रम. त्याने अख्खा खेळ पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि राडोवानला बाहेर नेऊन बियर पाजली.

"बाहुल्या अप्रतिम आहेत हो," तो म्हणाला. "पण किती बोलतात! माझ्या माणसांना काय कळणार? बोलणं काढून टाका. छान संगीत लावा, टेपवरचं. पाऊण तासाचा खेळ करा. दिवसाला तीन. बाकं भरायचं माझ्याकडे लागलं."

"बोलणं काढलं तर काय राहतं?"

"बाहुल्या राहतात! लोक बघायला येतात, राडोवानसाहेब. ऐकायला घरी बायका असतात."

राडोवान हसला. घरी जाताना मात्र तो हसत नव्हता. तळघराच्या नव्या मालकाला तिथे बार काढायचा होता आणि त्याने तसं स्पष्ट सांगितलंही होतं. केपकाला नाही म्हणावं तर वर्षभरात बाहुल्या खोक्यात भराव्या लागल्या असत्या. हे खोटं नव्हतं. पुढे कितीही वेळा त्याने स्वतःची उलटतपासणी घेतली तरी एवढं त्याला मान्य करावंच लागायचं.

त्याने बोहूशला सांगितलं तेव्हा बोहूश राजाच्या झग्याला टाके घालत होता. सुई थांबली.

"म-म-मग... र... र..."

"रविवार ना?" राडोवान म्हणाला. "रविवार तसाच राहणार. रविवारी सकाळी तुझा खेळ, बोलका. त्याला कुणी हात लावणार नाही. माझा शब्द आहे."

बोहूशने त्याच्याकडे बघून मान हलवली. त्याला रविवारच म्हणायचं होतं की दुसरंच काही, हे राडोवानने विचारलं नाही.

मुका खेळ जोरात चालला. केपकाने शब्द पाळला. बाकं भरली, मग बाकांच्या मागे लोक उभे राहायला लागले. हॉटेलांच्या टेबलांवर बाहुल्यांचे फोटो आले. दिव्यांना नवे रंग मिळाले, भिंतीची ओल गेली. राडोवानची बायको यार्मिला म्हणाली, पहिल्यांदा तू रात्री कूस न बदलता झोपलास. रविवारी सकाळी मात्र आठ-दहा पोरं यायची, कुणी कुणी तर ट्राम बदलून शहराच्या टोकाहून यायची आणि बोहूश त्यांच्यासाठी असा खेळ करायचा की बाहेर गल्लीत चालणारी माणसं थांबायची.

नाताळच्या आधीच्या दिवसांत चौकात बाजार भरतो, गरम वाइनचा आणि भाजलेल्या बदामांचा वास सगळ्या गल्ल्यांतून फिरतो आणि पाहुणे नुसते ओसंडतात. केपका म्हणाला, रविवार सकाळच्या दोन बस आहेत, एवढ्या डिसेंबरपुरतं बघा. राडोवानने हो म्हटलं. त्याने बोहूशला आदल्या दिवशी सांगितलं नाही. सकाळी सांगू म्हणाला आणि सकाळी टेपरेकॉर्डरमधली कॅसेट बदलताना, पाठमोराच, सांगून टाकलं.

 मागून गिरणीवाली बोलली.

"राद्या, अरे राद्या. शब्द दिला होतास ना बाळा? की मलाच नीट ऐकू आलं नाही, लाकडाचे कान माझे?"

त्या आवाजात थोडी त्यांची आई होती. बोहूशने तो मुद्दाम तसा केला नव्हता. इतक्या वर्षांत आपोआप मुरला होता. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. राडोवान वळला. बोहूश फळीवर उभा होता, गिरणीवालीला पुढे धरून, आणि ती मान कलती करून राडोवानकडे बघत होती. दारात झ्देनाबाई तिकिटांचा डबा घेऊन उभ्या होत्या. राडोवानच्या कानशिलांत रक्त चढलं.

"ठेव ती खाली," तो म्हणाला.

"का रे बाळा? मी म्हातारी खरं बोलले म्हणून?"

"ठेव म्हणतो ना! बाहुलीआड लपून काय बोलतोस? काय सांगायचंय ते माणसासारखं सांग. स्वतःच्या तोंडाने!"

बोहूशने बाहुली खुंटीला लावली. अगदी सावकाश, तारा गुंतणार नाहीत अशी. मग तो फळीवरून उतरून भावासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं. "तू... तू... म... म..." मान ताठ झाली, डोळे मिटले. पायऱ्यांवर बुटांचे आवाज यायला लागले होते, परक्या भाषेतलं हसणं, कुणीतरी बर्फ झटकतंय. राडोवानने घड्याळ पाहिलं.

"नंतर बोलू," तो म्हणाला आणि दार उघडायला गेला.

झ्देनाबाई बाजूला झाल्या. त्या म्हणाल्या, हळूच, "थांबायचं होतं, राडोवान." त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

नंतर बोलणं झालं नाही. जानेवारीत पोरं पायऱ्यांपर्यंत येऊन बंद दार बघून गेली, फेब्रुवारीत आलीच नाहीत. केपकाच्या बस रविवारीही येत राहिल्या. बोहूश कामाला एक दिवस चुकला नाही. संगीत सुरू झालं की त्याच्या बाहुल्या बरोबर तालावर उठायच्या, झुकायच्या, लढायच्या. पण सकाळी पडद्याच्या फटीतून कुणी डोकवायचं नाही. झ्देनाबाई यायच्या, कोट काढायच्या, गुडघा चोळायच्या. त्यांनी एकदा-दोनदा आपणहून पडद्याला हाक मारून पाहिली. बोहूश बाहेर आला, मान हलवून हसला आणि आत गेला. त्या वर्षी त्याने भावाशी बोलणं जवळजवळ टाकलंच. रागाने म्हणावं तर चेहऱ्यावर राग दिसायचा नाही. विचारलं तर बोटांनी सांगायचा. राडोवानच्या मागे इतकी धावपळ होती की त्याला ते सोयीचंच वाटलं. पुढे हीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त छळायची: भाऊ मुका होत होता आणि आपल्याला ते सोयीचं वाटलं.

असं कितीतरी वर्षं चाललं. मग एका वसंतात बोहूश सकाळी पडद्यामागे दिसला नाही. खोली झाडलेली, पलंगावर घड्या. सगळ्या बाहुल्या आपापल्या खुंटीवर होत्या, गिरणीवालीसुद्धा. राडोवानला वाटलं होतं, भांडून गेला तर निदान ती तरी नेईल. यार्मिलाने इकडे तिकडे फोन करून शोध लावला. दक्षिणेला, आजोबांच्या मुलखात, जिथे मैलोन् मैल माशांची तळी आहेत, तिथे तो एका तळ्यावर कामाला लागला होता. राडोवानने दोन विद्यार्थी नेमले. तालावर बाहुल्या हलवायला त्यांना महिना पुरला.

यार्मिला दर नाताळाला फोन करायची. फोनवर बोहूश येत नसे. व्लास्ता नावाची एक विधवा बाई बोलायची. तिच्याकडून कळायचं की तो बरा आहे, कार्प मासा यंदा मोठा आहे, थंडी फार नाही. राडोवान शेजारच्या खुर्चीत बसून ऐकायचा. "बोलतोस?" यार्मिला विचारायची. तो हातानेच नको म्हणायचा. आपण काय बोलणार आणि तिकडे तो फोनवर कसा बोलणार, असं त्याचं म्हणणं असे.

मग ती साथ आली. एका आठवड्यात शहर रिकामं झालं. चौकात घड्याळाचे संत कुणासाठी फिरतात ते कळेना. पुलावर कबुतरं आणि एखादा पोलीस. केपकाचा फोन लागेना. राडोवान रोज तळघरात जाऊन दिवे लावून बसायचा, घरी बसवत नव्हतं म्हणून.

उन्हाळ्यात बंधनं सैल झाली, पण पाहुणे आले नाहीत. त्याऐवजी एक वेगळीच गोष्ट झाली. शहराच्या टोकाला गेलेली माणसं पोरंबाळं घेऊन आपलंच शहर बघायला यायला लागली. चौकातून पोरांना पळवत न्यायची, म्हणायची, बघ, इथे तुझी पणजी राहायची. एका दुपारी एक तिशीची बाई पायऱ्या उतरून आली. हात धरून तिची मुलगी.

"रविवारचा खेळ अजून असतो का हो?" तिने विचारलं. "मी लहान असताना यायची. म्हातारी होती ना एक, गिरणीवाली? मला ती म्हणाली होती, तुझ्या दातांना सुट्टी कधीपासून? माझे पुढचे दोन्ही पडलेले होते तेव्हा. मी हिला सांगून सांगून हैराण केलंय."

राडोवानने तिला सांगितलं, येत्या रविवारी या.

का सांगितलं, हे त्यालाही कळलं नाही. पण सांगून बसला आणि मग चार दिवस पडद्यामागे घसा फोडत बसला. राजा जमला, कसाबसा. सैतान सर्दी झालेल्या कारकुनासारखा वाटायला लागला. गिरणीवालीसाठी तोंड उघडलं की स्वतःचाच आवाज यायचा, म्हाताऱ्या पुरुषाचा, उगीच बारीक केलेला. आणि मुख्य म्हणजे बोलायचं काय? खेळाची गोष्ट त्याला पाठ होती. बाहुली कुठून येते, कुठे पडते, कुणाला मारते, सगळं हाताला माहीत होतं. पण तिच्या तोंडचे शब्द, ते टोमणे, पोरांना दिलेली उत्तरं, त्यातलं काही सापडेना. इतकी वर्षं भावाच्या खांद्याला खांदा लावून तो उभा राहिला होता आणि सगळा वेळ पुढच्या तारेकडे, दिव्याकडे, रिकाम्या बाकांकडे बघत होता.

रविवारी बाकं बऱ्यापैकी भरली. त्या बाईने बातमी पसरवली होती. राडोवानने खेळ केला. पोरं आधी शांत बसली, मग चुळबुळायला लागली, मग एक मुलगा आईला मोठ्याने म्हणाला, "ही म्हातारी हसवते कधी?" कुणी रागावलं नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या. ती बाई जाताना म्हणाली, "थँक्यू हं," आणि डोळ्यांत न बघता मुलीचा कोट लावत राहिली.

त्यानंतर त्याने ठरवलं, बोहूशकडे जायचं. जायचं जायचं म्हणत एक वर्ष गेलं. कधी बंधनं होती, कधी गुडघा होता, कधी नुसती लाज होती. झ्देनाबाई त्या हिवाळ्यात वारल्या. दफनाच्या वेळी यार्मिला म्हणाली, "आता तू जातोस, का मी तुला गाडीत घालून नेऊ?"

शेवटी तो ऑक्टोबरात गेला, तळी उपसायच्या दिवसांत. पाणी सोडून देतात, उरलेल्या डबक्यात मासे गोळा होतात आणि माणसं कमरेपर्यंत चिखलात उभी राहून जाळी ओढतात. ते बघायलाही लोक येतात. काठावर धुकं होतं, टोपल्या, तराजू, रबरी बूट, तळलेल्या माशाचा वास आणि बघ्यांची गर्दी. राडोवानने भावाला पाठीवरून ओळखलं. बोहूश रुंद झाला होता. दाढी पांढरी. जाळं ओढताना तो बाकीच्यांबरोबर ओरडत होता, "हो-होऽप! हो-होऽप!" त्याने काठावर बघितलं, भावाला पाहिलं आणि जाळं सोडलं नाही. मासे टोपल्यांत पडेपर्यंत राडोवान उभा राहिला.

मग व्लास्ताच्या टपरीमागे ते दोघे बाकावर बसले. ती ठेंगणी, लाल गालांची, हातातला झारा न सोडणारी बाई होती. तिने दोघांपुढे मासा आणि बटाट्याचं सॅलड ठेवलं.

"हेच का ते राद्या?" ती म्हणाली. "मला वाटलं उंच असतील."

"तो... उंचच... होता," बोहूश म्हणाला. "आता वाकलाय."

राडोवान बघत राहिला. बोहूश अडखळत होता, थांबत होता, पण मान ताठ होत नव्हती, डोळे मिटत नव्हते. शब्द यायला वेळ लागला की तो नुसता थांबायचा आणि व्लास्ताही मासे उलटायचं सोडून थांबायची, जणू जगात दुसरं काम नाही. गिऱ्हाईक ओरडलं तरी ती वळली नाही. तिच्याकडे बघून राडोवानला कळलं की हे असं करता येतं. एवढंच करायचं होतं.

"कसं शिकलास?" त्याने विचारलं.

"इथे एक... ड-डॉक्टरीण होती. आणि ही." बोहूशने मासा खाल्ला, काटे काढून बाजूला ठेवले. "तू म्हणाला होतास ना. स्व-स्वतःच्या तोंडाने बोल म्हणून. मग बोललो."

"बोहूश, मी तेव्हा..."

"थांब. माझं... संपू दे." तो थांबला. धुक्यातून बदकं ओरडत गेली. "मला राग होता. पुष्कळ. इथे आल्यावर मी तळ्यावर एकटा जाऊन सै-सैतानाच्या आवाजात तुला शिव्या द्यायचो. अडकत नव्हतो एकदाही." तो हसला. "मग माझ्या तोंडाने यायला लागलं, थोडं थोडं. आणि ते सगळे गेले. एकेक करून. राजा आधी गेला. मग शिपाई."

"असे कसे जातील? तुझ्या डोक्यातच आहेत ना ते?"

"नाहीत. मी पाहिलं शोधून. म्हातारी तर... आठवतच नाही कशी बोलायची. आवाज काढला तर माझाच येतो."

"सैतान अजून आहे बरं का," व्लास्ता म्हणाली. "पहाटे उठवायला गेलं की भेटतो."

तिघेही हसले. मग राडोवान रडायला लागला. साठी उलटलेला माणूस, माशाच्या बशीवर वाकून, काठावरचे लोक बघतायत. बोहूशने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ओला, माशांचा वास येणारा, जड हात.

"मी क-कुणाला शिकवलं नाही," बोहूश म्हणाला. "बाबांनी मला दिलं, मी कुणाला दिलं नाही. तेही आहेच."

"कुणाला देणार होतास? मी तुझ्यापुढे बस आणून उभ्या केल्या."

 भाऊ म्हणाला ते खोटं नव्हतं आणि त्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची बोहूशला सवय नव्हती. त्याने राडोवानला जाताना कागदात गुंडाळून एक मोठा कार्प दिला आणि म्हणाला, नाताळाला दोघं या. ते गेलेही. त्यानंतर दर नाताळाला गेले. दोघे भाऊ तळ्याकाठी फिरायचे आणि बोलायचे, खूप वेळ लावून. बाहुल्यांचा विषय क्वचित निघायचा.

पाहुणे परत आले तसा केपकाही परत आला, टक्कल पडलेला, तेवढ्याच उत्साहाने. मुका खेळ पुन्हा दिवसाला तीनदा व्हायला लागला. राडोवानने रविवार सकाळ मात्र द्यायला नकार दिला. केपका म्हणाला, रविवारी काय करणार, पोरं तर नाहीत. राडोवानने नाट्यशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तीन तरुणांना ती वेळ दिली. त्यांनी खुंटीवरच्या बाहुल्या आदराने पाहिल्या, एक-दोघांना हात लावला, आणि स्वतःच्या कापडी बाहुल्या घेऊन आले. त्यांचा खेळ चांगला होता. बोलका होता. पोरं हसायची. राडोवान शेवटच्या बाकावर बसून बघायचा आणि त्यांचं कौतुक करायचा, मनापासून. फक्त ते हसणं दुसऱ्या ठिकाणी यायचं, दुसऱ्या गोष्टीवर यायचं.

एका रविवारी घरी आल्यावर त्याने यार्मिलाला स्वयंपाकघरात बसवलं. म्हणाला, "चल, तो गिरणीचा खेळ आठवू या आपण दोघं. तू तर शंभरदा पाहिलास."

यार्मिलाने आलुबुखार भरलेले पिठाचे गोळे उकळायला टाकले आणि हात पुसत बसली. सैतान येतो, ती म्हणाली. पीठ चोरतो. हो, आणि म्हातारी त्याला पोत्यात कोंडते. मग? मग ती पोरांना विचारते, सोडू का याला? पोरं ओरडतात, नको! आणि मग ती काहीतरी म्हणते आणि सगळे हसून लोळतात.

"काय म्हणते?" राडोवानने विचारलं.

 यार्मिलाने ओठ हलवून पाहिले, डोकं हलवलं. भांड्यातलं पाणी उतू जायला लागलं तशी ती उठली.

पोरं कुठे हसायची, ते त्याला नेमकं आठवत होतं. पडद्यामागे त्या हसण्याने पायाखालची फळी हादरायची. कशाला हसायची, तेवढं काही केल्या आठवेना.

"जेवून घे," यार्मिला म्हणाली. "गार होईल."